शिरगणतीतला चौथा भाडेकरू

आईला फोन लावला आणि कशी आहेस, पाय दुखतोय का, वगैरे काही न विचारता मी थेट ओरडलो, "आई, तुझे वडील सापडले!"

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी सापडले होते. रात्रभर मी कशीबशी कळ काढली आणि रविवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे नागपूरच्या संध्याकाळी, फोन कार्डावरचा लांबलचक नंबर तीनदा चुकवून शेवटी लावला.

"एकोणीसशे तीसच्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटला होते! धडधाकट! मोटारीच्या कारखान्यात कामाला होते!"

पलीकडे काहीच आवाज नाही. कार्डातले पैसे संपले असं वाटून मी दोन-तीनदा हॅलो हॅलो केलं.

"ऐकतेय," आई म्हणाली. "तीस म्हणालास?"

"तीस."

"सव्वीस साली त्यांचे दिवस केले आम्ही."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"सव्वीस साली माझ्या आईचं कुंकू पुसलं. आणि तू सांगतोस तीस साली ते धडधाकट होते." मग म्हणाली, "ठेव आता. दिवा लावायचाय."

सापडले-सापडले ऐकून बायको झारा हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. "काय म्हणाल्या आई? रडल्या असतील ना आनंदानं?"

मी घडलं ते सांगितलं. तिनं आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन विचारलं, "अहो, सव्वीस आधी येतं की तीस, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

माहीत होतं हो. एका मोठ्या कंपनीचे डेटाबेस सांभाळून वीस वर्षं ह्या देशात पोट भरलं मी. दोन तारखांमधली विसंगती शोधणं हेच माझं काम. पण वर्षभर एका माणसाला शोधत होतो, तो मिळाला म्हणजे जिंकलो, एवढंच डोक्यात होतं. तो जिवंत मिळाला तर माझ्या आजीचं काय झालं असं म्हणायचं, हा प्रश्न मला वर्षभरात एकदाही पडला नव्हता.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो.

आईच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तान्त आहे. ज्यांच्या घरात हा ग्रंथ असतो त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की मूळ पुरुषापासून आजवरच्या सगळ्या शाखा, कोण कुठं गेला, काय शिकला, कधी वारला, मुली कुठल्या घरात दिल्या, अशी जाडजूड नोंदवही. दोन हजार दोन साली त्याची नवी आवृत्ती निघायची ठरली आणि संपादनाचं काम आईच्या एका चुलतभावाकडे, म्हणजे माझ्या मामाकडे आलं. मामा निवृत्त, पुण्याला राहणारे, अतिशय काटेकोर. त्यांनी मला एक छापील फॉर्म पाठवला. आजोबांच्या नावापुढे आधीच्या आवृत्तीत "अमेरिकेत निधन" एवढंच होतं. मामांना ठिकाण आणि तिथी हवी होती. सोबत चिठ्ठी: "तू तिथंच आहेस, तेव्हा तुला हे सोपं जाईल."

मी तिथंच होतो म्हणजे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला. आजोबा गेले ते डेट्रॉइटला. मधे गाडीनं नऊ-दहा तासांचं अंतर. पण पुण्याहून बघितलं की अख्खी अमेरिका म्हणजे एक सदाशिव पेठ. ह्या गल्लीतला माणूस त्या गल्लीत गेला की भेटणारच.

आजोबा एकोणीसशे एकवीस साली इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेले. आई तेव्हा आठ महिन्यांची. चार वर्षं पत्रं येत होती. मग थांबली. सव्वीसच्या पावसाळ्यात एक इंग्रजी पत्र आलं, टाइप केलेलं: आपले चिरंजीव न्यूमोनियानं गेले, कळवण्यास अत्यंत दुःख होते, एक सहनिवासी. सही कुणालाच वाचता आली नाही. वर डेट्रॉइटमधल्या एका घराचा पत्ता. ह्या पत्राची झेरॉक्स मामांनी फॉर्मला टाचून दिली होती.

देह नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आई तेव्हा पाच वर्षांची. तिला वाटलं खेळणं आहे. तिनं ते मागितलं, म्हणून तिला उचलून शेजारच्या घरी नेऊन बसवलं. आजी तेवीस वर्षांची होती. पुढे भावानं तिला अमरावतीला नेलं, शिवणकाम शिकवलं, आणि मुलींच्या शाळेत शिवण शिकवून तिनं आईला वाढवलं. मला आठवते ती आजी पांढऱ्या पातळातली, गळ्यात मोजपट्टी अडकवलेली. आजोबांविषयी ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू.

तर एवढी सामग्री घेऊन मी निघालो. एखाद्या वीकेंडात उरकेल, असा माझा अंदाज. कामावरही माझे अंदाज असेच असतात, असं माझी मॅनेजर म्हणत असे.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि तिचे कागद बहात्तर वर्षं कुलूपबंद राहतात. माणसं मरून, निदान म्हातारी होऊन, त्यांना कशाचीच लाज उरली नाही की मग ते सगळ्यांना बघायला खुले करतात. नशिबानं तीस सालचे कागद नुकतेच खुले झाले होते. माझा विचार असा: तीसच्या कागदात आजोबा नसणारच. वीसच्यातही नाहीत, कारण तेव्हा ते इकडे आलेच नव्हते. पण त्या पत्त्यावरचे लोक तर असतील? तो पत्र लिहिणारा सहनिवासी सापडला तर पुढचा माग लागेल. इतका सरळ विचार मी सुरुवातीला केला होता हे मला आज खरं वाटत नाही, कारण दुसऱ्याच आठवड्यात तो मी पार विसरलो आणि आजोबांचंच नाव शोधायला लागलो. शोधायच्या चौकटीत नाव टाकायला मिळालं की माणूस वेडा होतो.

काउंटीच्या लायब्ररीत एका कंपनीची साइट फुकट बघता यायची. तिथं बसून चार महिने मी आजोबांचं आडनाव जितक्या प्रकारांनी बिघडवता येईल तितक्या प्रकारांनी बिघडवून पाहिलं. हंगेरीचे लोक मिळाले, फिनलंडचे मिळाले. एक कुटुंब मिळालं, त्यात आजोबांच्या नावाची बाई होती. मुलगी कॉलेजमधून सुट्टीला आली होती, ती माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "Baba, maybe he just doesn't want to be found." मी तिला म्हटलं, मेलेल्या माणसाच्या इच्छेला इथं रकाना नाही.

शेवटी वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरखान्यात जायचं ठरवलं. तिथल्या पहिल्याच दिवशी दारातल्या माणसानं माझ्या खिशातली तिन्ही पेनं काढून घेतली. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची. ती माझ्याकडे नव्हती. त्यानं मला एक बुटकी, दोन्ही बाजूंनी चावलेली पेन्सिल दिली. मग मायक्रोफिल्मचं यंत्र. त्यात रीळ उलटं चढवलं तर अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. पहिला पाऊण तास मला वाटलं तीस सालचं अमेरिकन हस्ताक्षर असंच असावं.

शेजारच्या यंत्रावर एक सत्तरीच्या बाई बसायच्या. दर शनिवारी. पोलंडहून आलेले त्यांचे आजोबा त्या अकरा वर्षं शोधत होत्या. अकरा हा आकडा ऐकून मी माझं रीळ जरा जोरात फिरवायला लागलो. माझी धडपड दोन शनिवार बघितल्यावर त्यांनी खुर्ची वळवली आणि विचारलं, तुझ्याकडे पत्ता आहे का? आहे म्हटलं.

"मग नावाच्या मागं कशाला लागलायस? नाव लोक बदलतात, लिहिणारा चुकवतो. घर कुठं जात नाही. घर शोध."

हे मलाच पहिल्या दिवशी सुचलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

घर शोधणं म्हणजे काय, तर शहराचे शेकडो तुकडे केलेले, एकेका तुकड्याला एकेक गणनाधिकारी, आणि कुठला रस्ता कुठल्या तुकड्यात ते सांगणारं आणखी एक वेगळं रीळ. आमचा रस्ता निघाला दोन तुकड्यांच्या सीमेवर. डावी बाजू ह्याची, उजवी त्याची. अर्थात मी आधी सगळी डावी बाजू वाचली. दर शनिवारी अ‍ॅशबर्नहून निघायचं, पार्किंग शोधत चार चकरा मारायच्या, मान मोडेपर्यंत रीळ फिरवायचं आणि पाचला हात हलवत परत यायचं. घरी लॉन गुडघ्यापर्यंत वाढलं. गवत कापा म्हणून होमओनर्स असोसिएशनचं पत्र आलं. बायकोनं ते फ्रिजवर लावलं, मामांच्या फॉर्मच्या शेजारी.

आणि मग एप्रिलातल्या त्या शनिवारी ते घर आलं. घरमालकीण, विधवा, वय बावन्न. खाली सात भाडेकरू. चौथ्या ओळीवर मी थांबलो. नावाच्या जागी आद्याक्षर आजोबांचं, आडनावाचं पहिलं अक्षरही त्यांचंच, आणि पुढे शाईचा डाग. वंशाच्या रकान्यात तीन अक्षरं: हिंदूसाठीची. तेव्हा हिंदुस्थानातून आलेला कुणीही असो, शीख असो, मुसलमान असो, त्यांच्या लेखी हिंदूच. जन्म: इंडिया. वय पस्तीस. आजोबा बत्तिसाचे असायला हवे होते, पण तीन वर्षं इकडेतिकडे चालतात. विवाहित: हो. पहिल्या लग्नाच्या वेळचं वय पंचवीस. खरं तर एकवीस हवं, पण असू दे. देशात आल्याचं साल वीस. हवं एकवीस, पण एकच तर वर्ष. कारखान्यात मजूर, इंजिनिअर होणार होते, पण दिवस वाईट होते. ऑफिसात कुणी ज्युनियरनं असा डेटा जुळवून आणला असता तर त्याला मी खोलीतून हाकललं असतं. इथं मात्र मी खुर्चीतून उठून पोलिश बाईंना मिठी मारली. त्या बिचाऱ्या स्वतःचे सोडून माझे आजोबा सापडल्यावर रडल्या.

तर असा तो फोन.

त्यानंतर पंधरा दिवस आईनं फोनवर यायचं टाळलं. धाकटा भाऊ उचलायचा. "आई देवळात गेलीय." "आई झोपलीय." तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "दादा, काय सांगितलंस तू तिला? जेवत नाही धड. सारखी म्हणते, आईला काय उत्तर देऊ."

आजी जाऊन तीस वर्षं झाली होती.

आता मला उलटं काम लागलं. वर्षभर आजोबांना शोधलं, आता तो माणूस आजोबा नव्हता हे सिद्ध करायचं. सापडलेलं हरवणं इतकं कठीण असेल असं वाटलं नव्हतं. मिशिगनला पत्र टाकलं: अमुक नावाच्या माणसाच्या मृत्यूचा दाखला, पंचवीस ते सत्तावीस. दोन महिन्यांनी उत्तर: ह्या नावानं नोंद आढळली नाही. खाली बारीक अक्षरात: नोंद न आढळणं म्हणजे मृत्यू झाला नाही असं नव्हे. म्हणजे मेले असतील किंवा नसतील. हे मला पत्र न टाकताही माहीत होतं. त्या शहरातल्या रस्त्यांवर कोण कुठं राहतं त्याच्या छापील डिरेक्टऱ्या असतात. त्या मागवून पाहिल्या. एका वर्षी त्या पत्त्यावर फक्त घरमालकीण. भाडेकरू छापायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"चाळीस सालच्या शिरगणतीत बघा ना," बायको म्हणाली. "ते त्यातही असतील तर कळेल."

"ती दोन हजार बाराला उघडणार."

तिनं बोटांवर मोजलं. "आई तेव्हा एक्क्याण्णव वर्षांच्या असतील."

"हो."

भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "एक बोलू? रागावू नका. ते टाइप केलेलं पत्र आजोबांनीच लिहिलेलं नसेल कशावरून?"

मी रागावलो. चांगलाच रागावलो, कारण हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं आणि मी ते दाबून ठेवलं होतं. सही न वाचता येणारी. पत्ता त्याच घराचा. आणि चार वर्षांनी त्याच घरात एक विवाहित हिंदू. मी म्हटलं, "हे आईसमोर बोलू नकोस."

"मी?" ती म्हणाली. "फोन कुणी केला होता?"

मग एका रविवारी आईनं स्वतःच भावाला माझा नंबर फिरवायला लावला. आवाज पूर्वीसारखा, शाळेत शिकवत असतानाचा.

"तो कागद पाठव मला."

"आई, असू दे ना. त्यात विशेष काही..."

"पूर्ण पान पाठव. वरचं-खालचं सगळं. नुसती त्यांची ओळ नको. आणि मोठं करून पाठव, मला भिंगानंसुद्धा दिसत नाही आता."

मी टाळाटाळ केली. मनात आलं, विवाहितच्या जागी अविवाहित असतं तर किती बरं झालं असतं. खोटं नाही सांगत, झेरॉक्सवर पांढरी शाई फिरवायचाही विचार आला. दफ्तरखान्यानं पेनं काढून घेतली ती योग्यच होती म्हणायची. पण बायकोनं पान मोठं करून, चार तुकड्यांत छापून, रकान्यांचे मथळे मराठीत लिहून कुरिअर केलंसुद्धा.

दहा दिवसांनी आईला फोन केला. ह्या वेळी आधी पाय विचारला.

"पाय आहे तिथंच आहे. कागद आला. तू नीट वाचलास का रे तो?"

"वाचला की."

"काय वाचलंस? सातही भाडेकऱ्यांची वयं सांग."

पान समोरच होतं. "पंचवीस, तीस, तीस, पस्तीस, चाळीस, तीस, पंचेचाळीस."

"बरं. एकोणतीस, तेहेतीस असं कुणी आहे त्यात?"

"...नाही."

"परदेशातून आलेले तिघं. कुठल्या साली आले?"

तिघांचंही साल वीस होतं. मी वर्षभर... नाही, निदान चार महिने ते पान टेबलावर ठेवून जेवत होतो.

"तिघांना एकाच बोटीतून उतरवलंय त्या बाईनं," आई म्हणाली. "सगळे मजूर, सगळे मोटारींच्या कारखान्यात. अरे, दिवसा गेला असणार तो गणतीवाला. माणसं कामावर. दार घरमालकिणीनं उघडलं, तिनं सांगितलं ते त्यानं लिहिलं. तिला काय माहीत कुणाचं लग्न कितव्या वर्षी झालं? पंचवीस म्हणाली, मोकळी झाली."

"तुला कसं कळलं?"

"मी तीन जनगणना केल्यात," आई म्हणाली. "एक्कावन्न, एकसष्ट, एकाहत्तर. विसरलास?"

विसरलो नव्हतो, कधी लक्षातच घेतलं नव्हतं. शाळामास्तरांना सरकार जनगणनेला जुंपतं. आई चप्पल झिजवत वॉर्डभर फिरून यायची आणि पाय गरम पाण्यात बुडवून बसायची, एवढं मला आठवत होतं. आता ती सांगायला लागली. वय विचारलं तर लोक प्लेगच्या साथीपासून मोजायचे. बायकांना नवऱ्याचं नाव विचारलं की त्या पदर तोंडाला लावून शेजारणीकडे बघायच्या आणि शेजारीण नाव सांगायची. एकदा शेजारणीनं चुकून स्वतःच्याच नवऱ्याचं सांगितलं आणि दोघींची जुंपली. एका घरी कुणीच नव्हतं तर समोरच्या न्हाव्याला विचारून सहा माणसं लिहिली, पुढे कळलं की राहतात चार.

मी हसत होतो. बायको दुसऱ्या फोनवरून ऐकत होती, तीही हसत होती. मला वाटलं, सुटलो. म्हटलं, "म्हणजे ते आजोबा नसतीलच. दुसराच कुणी. तो पत्र लिहिणाराच असेल."

"असेल. किंवा तेच असतील. ह्या कागदावरून कळत नाही. तुझ्या मशीनमधूनही कळणार नाही."

मग ती थांबली. माझ्या कार्डाची मिनिटं चालली होती, पण ह्या वेळी मी हॅलो म्हटलं नाही.

"एक्कावन्न साली," आई म्हणाली, "आम्ही अमरावतीलाच होतो तेव्हा. तुझ्या आजीचं घर माझ्याच वॉर्डात आलं होतं. दिवसभर फिरून दमून गेले होते. तिच्याकडे टेकले. म्हटलं, आता घरच्या घरी काय विचारायचं. तिचं नाव, वय, शिवणशिक्षिका, सगळं मीच लिहिलं. विधवा लिहिलं. ती चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या वाचलं तिनं. म्हणाली, न विचारताच लिहिलंस? मी म्हटलं, त्यात काय विचारायचं? तर म्हणाली, विचारून तरी बघायचंस."

"मग?"

"मग काय. चहा प्यायले आणि पुढच्या घरी गेले. नियम असतो की समोरचा सांगेल ते लिहायचं, आपल्याला वाटतं ते नाही. न्हाव्यालासुद्धा विचारलं मी. तिला नाही विचारलं." पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. "काय सांगितलं असतं तिनं, कोण जाणे. पन्नास वर्षांत मला हे आठवलं नव्हतं. तू फोन केलास त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही."

मला जे सुचलं ते नेहमीसारखं निरुपयोगी होतं. "आई, मामांना काय कळवू? निधनाची तिथी?"

"काही कळवू नकोस. त्यांच्या नावापुढचं ते निधन काढून टाका म्हणावं. गेले अमेरिकेला, एवढंच ठेवा. आणि माझ्या आईचं लिहा नीट. शिवणशिक्षिका, अमरावती. चोवीस वर्षं."

मी मामांना सविस्तर ईमेल केली. आईचं म्हणणं, शिरगणतीचं पान, गोल केलेली वयं, सगळं. मामांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. संशोधन स्तुत्य आहे, पण एकशे पाच वर्षांच्या माणसाच्या नावापुढे निधन न लिहिणं ग्रंथाला शोभणार नाही. सुनांसाठी नाव आणि माहेर एवढीच जागा आहे, नोकरीला रकाना नाही. केला तर सगळ्यांसाठी करावा लागेल आणि पानं वाढतील. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. मी लिहिलं की मग आमची शाखाच छापू नका. त्यांनी लिहिलं की शाखा संपादकाची नसते, घराण्याची असते. असं सहा महिने चाललं.

ग्रंथ आला तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून, बोटीनं. आमचं पान उघडलं. "उच्च शिक्षणार्थ अमेरिकेस गमन. तिकडेच निधन, तिथी अज्ञात." पत्नी म्हणून आजीचं नाव, माहेरचं आडनाव. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात, एक तळटीप: सदर सुनेने अमरावती येथे शिवणशिक्षिका म्हणून चोवीस वर्षे काम केले. मामांनी रकाना वाढवला नव्हता, पान वाढवलं नव्हतं, पण कुठून तरी एक ओळ काढली होती. आणि मी त्यांना ईमेलमध्ये जे जे म्हटलं होतं ते आठवून मी ओशाळलो.

आईला फोनवर वाचून दाखवलं. तिनं तळटीप दोनदा वाचायला लावली. 'तिकडेच निधन'वर काहीच बोलली नाही. नंतर म्हणाली, "अज्ञात लिहिलंय ना? तेवढं बरोबर आहे."

फोन ठेवला. ग्रंथ तसाच मांडीवर होता. बायको जवळ येऊन बसली आणि ती तळटीप तिनं बोट ठेवून स्वतः वाचली. मग ग्रंथ मिटून बाजूला ठेवला.

"दोन हजार बाराला ते चाळीसचे कागद उघडले की तुम्ही परत जाणार तिकडं," ती म्हणाली. "मी ओळखते तुम्हाला. जा. पण जे सापडेल ते आधी मला सांगा. कुणाला फोन करायचा आणि करायचा का, ते मग दोघं मिळून ठरवू."